मनोरा उतरेपर्यंत

श्रावण लागला, गोकुळाष्टमी जवळ आली की दहीहंडीच्या थरांच्या उंचीवरून वाद सुरू होतो, आणि वादात कुणीतरी स्पेन आणतंच. 'तिकडे माणसांचे मनोरे लावतात, सहा-सात वर्षांची पोरं नवव्या-दहाव्या थरावर चढतात, वर त्याला युनेस्कोचा मान. मग बंधनं आमच्याच गोविंदांना का?' असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, 'तिकडे शिस्त आहे, आपल्याकडे नुसता धांगडधिंगा.' दोघांनाही आपल्या कामापुरता स्पेन मिळतो आणि दहीकाला झाला की तो पुढच्या श्रावणापर्यंत बाजूला पडतो.

मी दहा-बारा वर्षं पथकात काढली, सगळी खालच्या थरात. अंगाने रुंद असल्यामुळे वर जायचा प्रश्नच आला नाही. त्यामुळे तिकडच्या मनोऱ्यांची चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी नजर वरच्या पोराकडे गेलीच नाही. मी खालची माणसं बघत राहिलो. तेव्हापासून हा विषय वाचतोय, बघतोय, आणि आता एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. स्पेनमधल्या ज्या प्रांतात हे मनोरे लागतात त्या कॅटलोनियाकडून घ्यायचंच असेल तर तिथली उंची घेऊ नका, तिथल्या मुलांचं वयही घेऊ नका. तिथला हिशोब घ्या. तिथे मनोरा चढला म्हणून संपत नाही. तो उतरावा लागतो, आणि उतरण्याला गुण आहेत.

आधी थोडं त्या प्रांताबद्दल. 'स्पेनमध्ये' असं म्हणणं म्हणजे कुणी गणपतीबद्दल 'भारतात एक उत्सव असतो' म्हणावं तसं आहे. खोटं नाही, पण माणूस कुठला ते त्यातून कळत नाही. हे मनोरे कॅटलन लोकांचे. भूमध्य समुद्राच्या काठी तारागोना नावाचं जुनं बंदर आहे, त्याच्या आतल्या बाजूला वाल्स नावाचं गाव आहे, तिथे याची मुळं. त्या भागात देवाच्या मिरवणुकीत एक नाच व्हायचा, 'वॅलेन्सियन लोकांचा नाच' म्हणून ओळखला जाणारा. नाचाच्या शेवटी नाचणारे एकमेकांच्या खांद्यावर चढून छोटा मनोरा करायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाल्समध्ये नाच मागे पडला आणि मनोराच मोठा झाला. गावात दोन गट पडले, दोघांत ईर्ष्या लागली, आणि १८०१ सालापासून या स्पर्धेच्या नोंदी सापडतात. मनोऱ्याला ते 'कास्तेल' म्हणतात, म्हणजे किल्ला. पथकाला म्हणतात 'कॉल्या'. शेजारच्या वॅलेन्सिया प्रांतातल्या आल्हेमेसी गावात तो जुना धार्मिक नाच अजून मनोऱ्यासकट होतो. वाल्सच्या लोकांनी मात्र त्याच बीजातून वेगळंच झाड वाढवलं.

ते झाड सरळ वाढलं नाही. एकोणिसाव्या शतकात नऊ थरांपर्यंत गेलेली ही विद्या विसाव्या शतकाच्या तोंडाशी जवळजवळ बसली होती. १९२० च्या दशकात ती पुन्हा उभी राहिली. मग यादवी युद्ध आलं, आणि त्यामागून हुकूमशहा फ्रँकोची राजवट, जिने कॅटलन भाषा शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार केली. त्या काळातही मनोरे होत राहिले, पण बेताचेच. नऊ थरांचा मनोरा वाल्सच्याच चौकात पुन्हा लागला तो १९८१ च्या ऑक्टोबरात. फ्रँको जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच दशकात बायका आणि मुली पथकांत आल्या, आणि एरवी पुरुषी ताकदीचं मानलं जाणारं हे काम त्यामुळे वर गेलं. अंगाने हलकी, पायाने नेमकी माणसं वरच्या थरांना मिळाली. १९९८ साली दहा थर झाले. बायका घेतल्याने परंपरा बाटते म्हणणाऱ्यांनी हा इतिहास नीट वाचावा.

आता तो मनोरा जवळून बघू.

चौकात मधोमध माणसं गोळा होतात. त्याला 'पिन्या' म्हणतात. मोठ्या मनोऱ्याला शेकडो माणसं पिन्यात लागतात. प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाचा हात कुणाच्या पाठीला, कुणाची छाती कुणाच्या खांद्याला, हे आधीच कागदावर आखलेलं असतं. पिन्या खालच्या थराला आधार देतो, आणि मनोरा कोसळला तर वरची माणसं याच माणसांच्या अंगावर पडतात. दगडी फरशीवर पडत नाहीत. म्हणजे पिन्या हाच पाया आणि हीच गादी. तिथली एक पद्धत मला फार भावते. दुसऱ्या पथकाचा मनोरा लागत असेल तर प्रतिस्पर्धी पथकाची माणसंही त्यांच्या पिन्यात जाऊन उभी राहतात. घटकाभरापूर्वी ज्यांना हरवायचं होतं त्यांच्या पोरांसाठी खांदा देतात.

वर चढणाऱ्यांच्या कमरेला काळा पट्टा असतो, कित्येक हात लांबीचा. एकजण टोक ताणून धरतो आणि दुसरा स्वतःभोवती गिरक्या घेत तो अंगावर गुंडाळून घेतो. त्याने पाठीला आधार मिळतो, आणि मागून चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा. पाय अनवाणी. थरातली माणसं स्वतःच्या सदऱ्याची कॉलर दातांत घट्ट चावून धरतात, म्हणजे वरच्याच्या पायाखाली कापड सरकत नाही. आपल्याकडे बनियनवर खांदा दिलेल्याला या कॉलरची किंमत लगेच कळेल.

मग वाजंत्री. 'ग्राल्या' नावाचं सनईच्या जातीचं वाद्य आहे, कर्कश आणि लांब ऐकू जाणारं, जोडीला ढोल. मनोरा खालून पक्का बसल्याशिवाय ग्राल्या वाजतच नाही. ती वाजायला लागली याचा अर्थ आता प्रयत्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. आणि तिच्या सुरावटीत मनोरा कुठवर आला ते सांगितलेलं असतं. पोरगं टोकावर पोहोचलं की सूर बदलतो, उतरायला लागलं की पुन्हा बदलतो. हे कुणासाठी? प्रेक्षक तर डोळ्यांनी बघतातच. हे आहे पिन्यात मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसासाठी. त्याला वरचं काही दिसत नाही, आणि त्याच्या खांद्यावर सगळं जग आहे.

हे वाचलं तेव्हा माझ्या गळ्याशी काहीतरी दाटलं. खालच्या थरातल्याला काहीच दिसत नाही हे मला अंगाने माहीत आहे. पुढच्याच्या मानेवरचा घाम दिसतो, आपलेच पाय दिसतात, बस. वर काय चाललंय ते आरोळीवरून ओळखायचं. गर्दी ओरडली की समजायचं, थर लागले. आणि त्याच क्षणी समजायचं की आता सगळं अंगावर येणार.

माझ्या गळपट्टीचं हाड असंच मोडलं. सहा थरांची सलामी होती, हंडी फोडायचीही नव्हती. थर लागले, वरच्या पोराने हात जोडले, मंचावरून निवेदकाने पथकाचं नाव घेतलं, ढोल वाजले. पुढच्या दोन सेकंदांत थर कोसळले. मी खालून बाहेर निघेपर्यंत बक्षिसाचं पाकीट देऊन झालं होतं आणि पुढच्या पथकाला हाक गेली होती. आयोजकांवर माझा वैयक्तिक राग नाही. त्यांच्या हिशोबात आमचं काम पूर्णच झालं होतं. सहा थर लागले, सहा थरांचे पैसे मिळाले. कोसळणं त्या हिशोबात कुठेच नव्हतं.

कॅटलोनियात त्या सलामीला अर्धवट म्हटलं असतं. मनोऱ्याचे निकाल तिथे वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. पोरगं टोकावर गेलं, त्याने हात वर केला, पण उतरताना मनोरा कोसळला, तर तो 'कार्रेगात', म्हणजे चढवलेला. शेवटचा माणूस धडपणे खाली आला तर तो 'देस्कार्रेगात', म्हणजे उतरवलेला. चढवलेल्याला गुण कमी, उतरवलेल्याला जास्त. तारागोनाला दर दोन वर्षांनी मोठी स्पर्धा भरते, तिच्या गुणतक्त्यात प्रत्येक मनोऱ्यापुढे हे दोन वेगवेगळे आकडे असतात. आणि लोकांच्या तोंडीही तेच. एखाद्या पथकाने अमुक मनोरा केला म्हटलं की दुसरा प्रश्न येतोच, उतरवला का?

मनोऱ्याची घडणच तशी आहे. टोकावरचं पोर, ज्याला 'एन्शानेता' म्हणतात, ते तिथे उभं राहायला गेलेलंच नसतं. त्याच्या खाली एक पोर वाकून बसलेलं असतं. एन्शानेता एका बाजूने चढतो, त्या वाकलेल्या पाठीवरून पलीकडे ओलांडतो, ओलांडताना एक हात उंच करतो, आणि दुसऱ्या बाजूने उतरायला लागतो. शिखर म्हणजे तिथे वाटेतला एक क्षण. चढण्याइतकीच वाट अजून पुढे असते, आणि ती जास्त अवघड असते, कारण खालच्यांचे पाय एव्हाना थरथरत असतात.

आणखी एक निकाल आहे, मला तो सगळ्यात मोठा वाटतो. पथकाचा म्होरक्या बाहेर उभा राहून मनोरा निरखत असतो. कुठेतरी थर तिरका बसलाय, कुणाचा गुडघा हलतोय, हे दिसलं की तो ओरडतो, 'खाली!' आणि मनोरा अर्ध्यातूनच उलगडत खाली येतो. कधी तर नुसता पिन्या लागतो, म्होरक्याचं समाधान होत नाही, आणि शेकडो माणसं मुकाट्याने मोकळी होऊन पुन्हा जागा घेतात. गुण मिळत नाहीत. पण लोक त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत, टाळ्या वाजवतात. त्यांच्या ब्रीदात चार शब्द आहेत. ताकद, तोल, धाडस, आणि चौथा 'सेन्य'. सेन्य म्हणजे शहाणपण, पोक्तपणा, कुठे थांबायचं त्याची जाण. कॅटलन माणूस हा स्वतःच्या समाजाचा गुण मानतो. पहिले तीन आपल्या गोविंदांकडे भरपूर आहेत, यात मला तिळमात्र शंका नाही. चौथ्याला आपण जागाच ठेवलेली नाही. मंचावर नट-नट्या बसलेत, वाहिन्यांचे कॅमेरे लागलेत, आठव्या थराची रक्कम फलकावर लिहिलीय, आणि प्रशिक्षक म्हणतोय 'उतरा', असं घडलं तर पथक रिकाम्या हाताने ट्रकमध्ये बसेल. त्या प्रशिक्षकाला पुढच्या वर्षी पथकात कोण ठेवेल?

आता मुलांचा प्रश्न. टाळून चालणार नाही.

तिथे टोकावर खरंच लहान मुलं असतात. आणि तिथेही अपघात झाला आहे. २००६ च्या जुलैत मातारो शहरात मनोरा कोसळून बारा वर्षांची एक मुलगी जबर जखमी झाली आणि काही दिवसांनी गेली. सगळा प्रांत हादरला. मुलांना वर चढवावं का, हा प्रश्न तिथेही विचारला गेला, आणि विचारायलाच हवा होता. त्यांनी उंची कमी केली नाही. वरच्या थरांतल्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण सरसकट आलं. ते खास या कामासाठी तयार केलेलं, मऊ, म्हणजे खालच्याच्या डोक्यावर आदळलं तर त्याला लागू नये. पथकांची एक सामाईक संघटना १९८९ पासून आहे. विमा ती बघते, अपघातांचा अभ्यास ती करवून घेते, शिकवणीही तीच देते.

आपल्याकडे २०१४ साली उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली आणि वीस फुटांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलं, आणि २०१७ साली उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली. चौदा वर्षांखालच्यांना थरावर चढवणार नाही, अशी हमी राज्य सरकारने दिली. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि विम्याचं कवच जाहीर झालं. मी त्या चौदा वर्षांच्या अटीच्या बाजूचा आहे, आणि हे माझ्या जुन्या पथकातल्या बऱ्याच जणांना रुचत नाही. 'हलका एक्का, म्हणजे टोकावरचा गोविंदा, मिळत नाही, मोठा पोरगा वर चढवला की खालच्यांवर भार येतो, उलट धोका वाढतो,' असं ते म्हणतात. भाराचं गणित बरोबर आहे. पण कॅटलन पथक पोराला वर चढवतं त्याआधी आठवड्यातून दोनदा, वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत, बंद जागेत, जाळी लावून सराव झालेला असतो. आईबाप बहुधा त्याच पथकात, कधी त्याच्याच खाली पिन्यात असतात. दिवसाला एकाच चौकात तीन-चार मनोरे लागतात, मधे विश्रांती असते. आपली चांगली पथकं गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू करतात, रात्री कामावरून आल्यावर मैदानात घाम गाळतात, हे मी स्वतः केलंय. पण सणाच्या दिवशी तेच पथक सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ट्रक आणि दुचाक्यांवरून एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर जातं. भिजलेलं, उपाशी, कितव्या सलामीला उभं आहोत हेही न आठवणारं. पोर चढवायचं तर आधी त्याच्या खालचा पिन्या बांधा. तोवर चौदाच बरे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मनापासून येतो. ते लोक खेळतात, आपण सण साजरा करतो. आपल्याकडे कृष्ण आहे, हंडी आहे, काला आहे. गुणतक्ते आणि नियमांत बांधलं तर त्यातला जीव जाईल. मला हा आक्षेप खोटा वाटत नाही. पण कॅटलन लोकांना असं बांधलेलं, जीव गेलेलं काही नको होतं, म्हणूनच त्यांनी स्वतःचे नियम स्वतः केले. विलाफ्रांका देल पेनेदेस गावात ३० ऑगस्टला संत फेलिक्सचा सण असतो. त्या दिवशी चौकात जी गर्दी होते ती सणाचीच, खेळाच्या मैदानावरची नव्हे. करोनाच्या काळात दीडेक वर्ष मनोरे बंद पडले, कारण पिन्यात अंतर ठेवता येत नाही. ते पुन्हा लागले तेव्हा चौकात माणसं रडत होती. नियमांनी त्यांच्या सणाचा रस आटलेला दिसत नाही.

आणि परंपरेला हात लावायचा नाही, हेही ते मानत नाहीत. २०१० च्या जुलैत कॅटलोनियाच्या विधिमंडळाने बैलझुंजींवर बंदी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात युनेस्कोने त्यांचे मनोरे मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. बार्सिलोनात शेवटची झुंज २०११ च्या सप्टेंबरात झाली. पुढे २०१६ साली माद्रिदच्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, तरी झुंजी तिथे परतल्या नाहीत. लोकांनाच नको होत्या. सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. त्याच प्रांताच्या दक्षिणेला, एब्रो नदीच्या काठच्या गावांत, बैलाच्या शिंगांना पेटते गोळे लावून त्याला रस्त्यावर सोडतात, आणि ते कायद्याच्या चौकटीत अजून चालतं. मला ते क्रूर वाटतं. पण तारागोनाची मनोऱ्यांची स्पर्धा भरते ती वास्तू एकोणिसाव्या शतकातलं बैलझुंजीचं रिंगण आहे. वर्तुळाकार पायऱ्या, मधे सपाट जागा. जिथे बैल मारायचे तिथे आता पोरं एकमेकांना सांभाळून उतरवतात. गावाने एक रूढी टाकली, दुसरी जपली, आणि जागा तीच ठेवली.

म्हणून माझी मागणी लहान आहे. हंडी राहू द्या, पैसे राहू द्या, उंचीवर पैज राहू द्या. फक्त फलकावरची ओळ बदला. 'आठ थर लावल्यास' याच्या जागी 'आठ थर लावून सुखरूप उतरल्यास' लिहा. दही-पाण्याने माखलेला थर उतरवणं कठीण आहे हे मान्य. म्हणून सुरुवात सलामीपासून करा. तिथे ना हंडी असते ना निसरडं, आणि थर तर सलामीतच सगळ्यात जास्त वेळा लागतात. कोसळलेल्या सलामीला अर्धी रक्कम, उतरवलेल्याला पूर्ण. प्रशिक्षकाने स्वतःहून उतरवलं तर पुन्हा एक संधी, आणि निवेदकाने त्याचं नाव घेऊन टाळ्या मागायच्या. याला न्यायालय लागत नाही, सरकारी निर्णय लागत नाही. एका नाक्यावरच्या एका आयोजकाने यंदा मनावर घेतलं तरी होईल. पैसा ज्या दिशेने वळेल तिकडे सराव वळतो. पथकं मग उतरायचा सराव करतील, कारण आज तो सराव कुणी फारसा करत नाही. आम्हीही केला नव्हता.

आणि जमलंच तर एक सनईवाला खाली उभा करा. डीजेच्या आवाजात त्याचं काही ऐकू येणार नाही, म्हणून थर उतरेपर्यंत डीजे बंद ठेवा. वरचा पोरगा उतरायला लागला की सनईवाल्याने सूर बदलावा. खालच्या थरात मान घालून उभ्या असलेल्याला कळू दे की तीन राहिले, दोन राहिले, आता एकच.